आधी पडणं, मग उडी: मुलांच्या जिम्नॅस्टिक्स-पार्कूर डे कॅम्पचे पाच दिवस

"पाच दिवसांत बॅकफ्लिप येईल का हो?" नाव नोंदवायला फोन करणाऱ्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न, आणि आमचं नेहमीचं उत्तर "नाही". (बॅकफ्लिप म्हणजे हवेतल्या हवेत मागे मारलेली कोलांटी.) जिम्नॅस्टिक्स आणि पार्कूर, म्हणजे वाटेतले कठडे-भिंती असे अडथळे धावत, उड्या मारत पार करणं, हे एकत्र शिकवणारे डे कॅम्प आम्ही घेतो, त्यामुळे पाच दिवसांत मुलाच्या अंगात काय उतरतं आणि काय नाही, याचा अंदाज आता पक्का झाला आहे. पहिल्यांदाच आलेलं मूल मागे, पुढे आणि कुशीवर कसं पडायचं ते शिकतं. उंचीवरून आवाज न करता उतरायला लागतं. नीट कोलांटी मारतं, भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहतं आणि कमरेएवढ्या अडथळ्यावरून एक-दोन प्रकारे पलीकडे जातं. ज्या कॅम्पच्या जाहिरातीत पडण्या-उतरण्याचा उल्लेखच नाही आणि नुसत्या हवेतल्या उड्यांचे फोटो आहेत, तिथे नाव घालण्याआधी प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा.

फॉर्म भरताना

फॉर्ममधला आरोग्याचा भाग पालक घाईत "काही नाही" लिहून मोकळे होतात. तिथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. गेल्या सहा-आठ महिन्यांत हाड मोडलं असेल तर कोणतं, कधी आणि प्लास्टर कधी निघालं, ते तारखेसह लिहा. प्लास्टर निघाल्यावर हात दिसायला बरा असतो, पण मनगटाची आणि दंडाची ताकद परत आलेली नसते, आणि आमचा निम्मा सराव हातांवर वजन घेऊनच होतो. दमा असेल तर इनहेलर दप्तरात नको, हॉलमध्ये कोचच्या टेबलावर नावासकट हवा. फिट, चक्कर, हृदयाचा त्रास, ऐकू कमी येणं, चालू असलेली औषधं हे सगळं कळवा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला कोचचा "थांब" कळला नाही तर काय करायचं, ते आम्हाला आधी ठरवून ठेवावं लागतं.

दोन गोष्टी पालकांच्या लक्षात सहसा येत नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला जोड सैल असतो. अशा मुलाला कोलांटी, डोक्यावर किंवा हातांवर उभं राहणं आणि ट्रॅम्पोलिन हे डॉक्टरांनी तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय करू द्यायचं नसतं. कॅम्पच्या काळात मान दुखू लागली, चालण्यात फरक पडला किंवा हातापायातली ताकद कमी वाटली तर परवानगी असूनही तिथेच थांबायचं. दुसरी गोष्ट सांधे फार लवचीक असलेल्या मुलांची. ही मुलं पहिल्याच दिवशी सुंदर कमान टाकतात आणि घरचे खूश होतात. पण त्यांचं कोपर सरळ रेषेच्या पलीकडे वाकतं आणि भार स्नायूंऐवजी सांध्यावर येतो. त्यांना अजून ताणायचं नसतं, ताकद वाढवायची असते. तुमच्या मुलाचा अंगठा वाकवल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकत असेल तर फॉर्ममध्ये तेवढी ओळ जरूर लिहा.

वजन आणि उंची विचारली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अडथळ्याची उंची, स्प्रिंगबोर्डचा, म्हणजे उडीला उसळी देणाऱ्या फळीचा कडकपणा आणि आधाराला किती जण लागतील, हे त्यावरून ठरतं.

स्पर्शाबद्दल मुलाशी घरीच बोला. स्पॉटिंग, म्हणजे हालचाल चालू असताना हाताने आधार देणं, हात लावल्याशिवाय होत नाही. हात कुठे लागतो ते मुलाला आधी माहीत असलं पाहिजे: पाठीचा खालचा भाग, खांदा, दंड, मांडीची मागची बाजू. हातांवर उभं राहताना कोच बाजूला उभा राहतो आणि दोन्ही हातांनी मांड्या धरतो. कोलांटीत एक हात डोक्यामागे आणि दुसरा मांडीमागे असतो. हे सगळं उघड्या हॉलमध्ये, इतरांसमोर आणि आधी सांगूनच व्हायला हवं. "मला हात नको" म्हणायचा मुलाला हक्क आहे. मग आम्ही तीच हालचाल आधार लागणार नाही इतकी सोपी करून देतो. हे ऐकून जो कोच कपाळाला आठ्या घालेल, त्याच्याकडे मूल पाठवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हॉल बघायला जाल तेव्हा

रंगीत भिंती बघू नका, खाली बघा. दोन मॅटमध्ये बोटभरही फट नको, कारण पाय तिथेच मुरगळतो. मॅटवर गुडघा टेकून पूर्ण वजन टाका. खालची फरशी गुडघ्याला लागली तर आतला फोम मेलेला आहे. जाड, मऊ मॅट म्हणजे सुरक्षित हा मोठा गैरसमज आहे. तीस सेंटिमीटरची मऊ क्रॅश मॅट पाठीवर पडायला चांगली, पण त्यावर धावत येऊन पायांवर उतरलं की घोटा आत रुततो आणि शरीर पुढे निघून जातं. पायांवर उतरायला कडक लँडिंग मॅट हवी आणि ती मूल जिथे उतरतं त्याच्या पुढेमागेही पसरलेली हवी. क्रॅश मॅटच्या काठावर एक पाय आत, एक पाय बाहेर असं उतरणं आम्ही फार बघतो, म्हणून काठ उठून दिसेल असा रंग किंवा पट्टी असलेली बरी.

ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल. यात सूट नाही, सख्खी भावंडं असली तरी नाही. दोघं उडत असताना जड मूल जाळी खाली दाबतं. ती वर उसळत असतानाच हलकं मूल खाली येतं आणि त्याच्या पायांवर येणारा मार नेहमीच्या कितीतरी पट होतो. म्हणून ट्रॅम्पोलिनवर दुखापत बहुधा लहान मुलालाच होते. सहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही मोठ्या ट्रॅम्पोलिनवर चढवतच नाही. फोमचे ठोकळे भरलेला खड्डा असेल तर तिथेही एका वेळी एकच, आणि डोक्याकडून सूर कधीच नाही. ठोकळे दबून खाली बसतात, वरून खड्डा भरलेला दिसतो आणि मधे पोकळी झालेली असते. ते रोज उपसून हलवतात का, विचारा.

पार्कूरच्या लाकडी पेट्यांना हाताने जोरात ढकलून बघा. पेटी सरकली तर धावत आलेल्या मुलाच्या हाताखालीही सरकेल. बॅलन्स बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी, दहा सेंटिमीटर रुंद आणि स्पर्धेत १२५ सेंटिमीटर उंच असतो. मुलांच्या कॅम्पमध्ये आधी जमिनीवरची रेघ, मग जमिनीवर ठेवलेला बीम आणि मग फार तर गुडघ्याएवढा, असा क्रम हवा. उंच बीमवर पहिल्या दिवशी चालवून फोटो काढण्यात काही शिकवणं नाही.

एका कोचमागे किती मुलं, हा प्रश्न विचारताना मदतनीस वेगळे मोजा. सात वर्षांखाली सहा मुलं आणि मोठ्यांची आठ, याच्या पुढे आम्ही जात नाही. "वीस मुलांना चार जण" असं उत्तर आलं आणि त्यातले तिघं कॅम्पमध्येच वाढलेली शाळकरी मुलं असतील, तर कोच एकच आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालेला माणूस सगळा वेळ हॉलमध्ये आहे का, आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, हेही विचारायला संकोच नको.

आणखी एक गोष्ट विचारा: पार्कूर कोण शिकवतं? दोन्ही प्रकार एकाच छताखाली दिसतात, पण वेगळ्या मुळांतून आलेत. पार्कूर १९९०च्या दशकात पॅरिसजवळच्या लिस गावात दाव्हिद बेल आणि त्याच्या सोबत्यांनी आकाराला आणलं. त्याच्या मागे जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धत आणि सैनिकांच्या अडथळ्यांच्या मार्गाची परंपरा आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूरला २०१८ मध्ये आपल्यात घेतलं आणि त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये टोकियोत झाली. पण महासंघ एक झाला म्हणून शरीराची सवय एक होत नाही. जिम्नॅस्ट मॅटवर उतरून जागच्या जागी थांबतो, छाती वर आणि हात वर. पार्कूर करणारा कडक कठड्यावर चवड्यांवर उतरतो, धक्का पायांत जिरवतो आणि पुढे चालू लागतो. मुलाला दोन्ही शिकवायचं तर कोणत्या वेळी कोणतं उतरणं हे सांगणारा कोच लागतो.

सोबत काय द्यायचं

अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज. ढगळ टी-शर्ट उलटं झाल्यावर तोंडावर येतो आणि मुलाला जमीन दिसत नाही. चेन, बटणं, टोपी, लोंबणारी नाडी नको. केस खाली, मानेजवळ बांधा. डोक्याच्या मागे उंच अंबाडा आणि त्यात कडक क्लिप असेल तर कोलांटी डोक्याच्या बाजूवरून होते आणि मान वाकडी जाते. कानातलं, अंगठी, गळ्यातलं, मनगटातलं सगळं घरी. हातापायाची नखं आदल्या रात्री कापा. चष्मा असेल तर मागून पट्टा. जिम्नॅस्टिक्स अनवाणी, पार्कूरला सपाट, लवचीक रबरी तळव्याचे बूट. जाड गादीचे धावायचे बूट चालत नाहीत, त्यातून पायाला कठडा जाणवत नाही. मोज्यांवर कुणालाच मॅटवर सोडायचं नाही, ते घसरतात. लिटरभर पाण्याची बाटली, बदलायला एक टी-शर्ट, छोटा टॉवेल. पोटभर खाणं कॅम्पच्या दीड-दोन तास आधी. उशीर झाला तर थोडंसं हलकं खाऊन पाठवा, उपाशी मात्र पाठवू नका.

पहिला दिवस: आवाज ऐकायचा

सकाळी प्रत्येक मुलाची छोटी चाचणी होते. टाचा टेकवून उकिडवं बसणं, दांडीला दहा सेकंद लोंबकळणं, पाच मीटर अस्वलचाल (हात आणि पाय टेकवून, गुडघे उचलून चालणं), एका पायावर पाच उड्या, आणि तीस सेंटिमीटरच्या पेटीवरून उडी मारून तीन सेकंद न हलता थांबणं. गट यावरून पडतात, वयावरून नाही. मैत्रिणीपासून वेगळं केलं म्हणून पहिल्या दिवशी रडारड होते. फोन करून गट बदलायला लावू नका. दोन वर्षांनी मोठ्या मुलाच्या बरोबरीने उडी मारायला निघालेलं मूलच सगळ्यात आधी पडतं.

मग लँडिंग. मुलं पेटीवरून उडी मारतात आणि आम्ही डोळे मिटून ऐकतो. "धप्प" असा आवाज म्हणजे पाय ताठ होते. चवडे आधी, मग टाच हलकेच, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, मांडी फार तर जमिनीला समांतर, हात पुढे. लहान मुलांचे, त्यातही दमल्यावर, गुडघे आत एकमेकांकडे पडतात. त्या गुडघ्यांनी उंचीवरून उडी मारायची नाही, पेटी पुन्हा खाली येते. आवाज न येता दहा वेळा उतरल्याशिवाय उंची वाढत नाही. दहाव्या वेळी आवाज आला तर मोजणी पुन्हा एकपासून. मुलं या खेळात रंगून जातात.

दुपारपर्यंत पडणं येतं. माणूस मागे पडताना हात मागे टेकवतो, ती उपजत सवय आहे आणि हात तिथेच मोडतो. कोपर ताठ, सगळं वजन मनगटावर. मुलांमध्ये हाड मोडण्याची ठरलेली जागा म्हणजे मनगटाच्या जरा वर, आणि दुसरी कोपराच्या जरा वर. म्हणून मुलाला आधी उकिडवं बसवतो, हनुवटीखाली एक मऊ रुमाल धरायला देतो आणि हात छातीवर दुमडून मागे लोळायला सांगतो. रुमाल खाली पडला तर हनुवटी सुटली, म्हणजे डोकं आपटलं असतं. हे जमलं की उभ्याने, मग मागे एक पाऊल टाकत, मग कुणीतरी हलकेच ढकलून. पुढे पडताना कोपरं सैल ठेवून हात टेकवायचे, पुढचे हात खाली येऊ द्यायचे आणि तोंड बाजूला वळवायचं. यात दात वाचतात.

पार्कूरचा रोल हा वेगळा प्रकार आहे आणि घरी "कोलांटी जमते" म्हणणारी मुलं इथे अडखळतात. कोलांटी मणक्याच्या रेषेत सरळ जाते, ती मॅटवर ठीक. कडक जमिनीवर तशी गेली तर मणक्याचा एकेक मणी आपटतो. पार्कूरमध्ये उजव्या खांद्यावरून जायचं तर दोन्ही तळवे समोर टेकवून बोटं डावीकडे वळवायची आणि नजर डाव्या काखेखालून मागे न्यायची. पायांनी रेटा दिला की खांद्याची मागची मांसल बाजू आधी टेकते, मग पाठीवरून तिरकं जात डाव्या कुल्ह्यावर, आणि डावा पाय दुमडून उभं. चूक कुठे झाली ते दुखणं सांगतं. खांद्याचं टोक दुखलं तर हात कोसळला. कमरेचं हाड दुखलं तर रोल आडवा गेला. डोक्याची बाजू घासली तर मान वळलीच नाही. आम्ही मॅटवर चॉकची पूड भुरभुरतो आणि मुलाच्या गडद टी-शर्टच्या पाठीवर उमटलेली रेघ त्यालाच फोटो काढून दाखवतो. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरकी, न तुटलेली रेघ हवी.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या सकाळी अंग आंबतं. मांड्या, पोट, काखेखालचा भाग. जिना उतरताना मूल कण्हतं. हे दोन-तीन दिवस राहतं आणि वॉर्म-अपनंतर कमी होतं. फरक ओळखायची आमची रीत सोपी आहे: "कुठे दुखतं?" विचारल्यावर मूल पूर्ण तळव्याने मांडी चोळून दाखवतं, दोन्ही बाजूंना, तर अंग आंबलंय. एका बोटाने हाडावरची एक जागा दाखवतं, एकाच बाजूला, तर कोचला सांगा आणि त्या दिवशी त्या सांध्याला आराम. आठ ते चौदा वर्षांत टाचेच्या मागे आणि गुडघ्याच्या वाटीखाली असं दुखणं नेहमी दिसतं. तिथे हाडाची वाढ चालू असते आणि स्नायू तिला ओढत असतात. उड्या कमी केल्या की शांत होतं. मनगटाचंही तसंच, म्हणून हातांवर वजन घेणारी दोन स्टेशनं, म्हणजे सरावाचे टप्पे, आम्ही एकामागोमाग ठेवत नाही. बीम किंवा लोंबकळणं मधे घालतो.

तळहातांना फोड येतात. दांडीवर तळहाताची कातडी बोटांच्या मुळाशी गोळा होते, घासली जाते आणि एका झटक्यात तिचं साल उचकटतं. खाली गुलाबी, ओलं, आणि पाणी लागलं की मूल हात मागे ओढतं. साबण-पाण्याने धुवा. सुटलेली मेलेली कातडी स्वच्छ कात्रीने काठाशी कापा, ओढू नका. रात्री पेट्रोलियम जेली लावून वर सुती मोजा चढवा. दुसऱ्या दिवशी दांडी बंद, बाकी सगळं चालू. चॉकने पकड मिळते, पण चॉकचा थर चढला तर घर्षण वाढतं, म्हणून मुलांना चिमूटभरच देतो.

तिसऱ्या दिवसाची आम्हाला सगळ्यात जास्त काळजी असते. अंग दमलेलं असतं आणि धीर चेपलेला असतो. पहिल्या दिवशी कडेला उभं राहणारं मूल आता रांग सोडून पेटीवर चढतं. दुपारी जेवणानंतर पाऊण तास आम्ही सगळ्यांना आडवं करतो, पुढचा तासभर उलटं होणं बंद, आणि दिवसाच्या शेवटच्या तासात नवीन काहीही शिकवत नाही. कॅम्पच्या वेळापत्रकात शेवटच्या तासाला "खुला सराव" लिहिलेलं दिसलं तर तो कुणाच्या नजरेखाली असतो ते विचारा. दमलेलं मूल आणि मोकळा ट्रॅम्पोलिन ही जोडी आम्ही हॉलमध्ये होऊच देत नाही.

घरी याच संध्याकाळी सोफ्यावरून उड्या सुरू होतात. मुलाला नुसतं "नाही" म्हणून भागत नाही, काय चालेल ते सांगा: फरशीच्या रेघेवर तोल सांभाळणं, अस्वलचाल, टाचा टेकवून उकिडवं बसणं, आणि पाठीवर झोपून कंबर जमिनीला दाबत हातपाय थोडे वर धरणं, दहा सेकंद, तीनदा. व्हॉल्ट (हात टेकवून अडथळ्यावरून पलीकडे जाणं), रोल, हातांवर उभं राहणं घरी नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. कॅम्पच्या आठवड्यात ती नऊच्या खाली जाऊ देऊ नका. तिसऱ्या दिवशी सकाळी मूल चिडचिडं उठलं, जेवलं नाही, तर अर्धा दिवस पाठवा किंवा घरी ठेवा. आम्ही वाईट वाटून घेत नाही.

व्हॉल्ट आणि भीती

पहिला शिकवतो तो स्टेप व्हॉल्ट. अडथळा मुलाच्या कमरेइतका. डावा हात आणि उजवा पाय अडथळ्यावर टेकतो, डावा पाय दोघांच्या मधून पलीकडे जातो आणि शरीर पुढे चालत राहतं. नेहमीच्या चुका तीन. हात आणि पाय एकाच बाजूचा ठेवला की मूल पेटीवर बसतं. हात लवकर उचलला की पाय अडकून पुढे तोंडावर. आणि टेकवलेला पाय फार आत ठेवला की गुडघा कडेवर आपटतो. आधी चालत, मग संथ धावत. वेग वाढवायची घाई असते ती मुलांना, कोचला असू नये.

मधेच एखादं मूल पेटीपाशी येऊन थांबतं. धावत येतं, थांबतं, परत जातं, पुन्हा येतं, थांबतं. गॅलरीतून "अरे मार ना, काही होत नाही" असा आवाज येतो तेव्हा आम्हाला फार वाईट वाटतं. अर्ध्या मनाने मारलेली उडीच धोक्याची असते: पाय निघतो, मन मागे राहतं आणि मूल अडथळ्याच्या मधोमध पडतं. त्या क्षणी कोच पेटीचा एक थर काढतो, किंवा पलीकडे उभा राहून हात पुढे करतो, किंवा म्हणतो, "आज इथपर्यंतच धावत ये आणि हात टेकवून थांब." थांबणं हीच त्या दिवसाची हालचाल होते. दुसऱ्या दिवशी तेच मूल बरेचदा न सांगता पलीकडे जातं. घरी गेल्यावर "आज जमलं का?" असं विचारू नका. "आज काय करून बघितलंस?" विचारा.

फ्लिपबद्दलही इथेच सांगतो. बॅकफ्लिपमध्ये उडी सरळ वर जावी लागते आणि गुडघे छातीशी यावे लागतात. शिकाऊ मूल त्याऐवजी डोकं मागे टाकतं, उडी मागे जाते, उंची मिळत नाही आणि ते मानेवर येतं. यासाठी पाय आणि पोटाची ताकद महिनोन्महिने बांधावी लागते. पाच दिवसांच्या कॅम्पमध्ये कुणी दुसऱ्या दिवशी मुलांना फ्लिप मारायला लावत असेल, तर मूल घरी आणा.

लागलं तर

डोक्याला मार लागला की त्या दिवसाचा सराव संपला. मूल "बरं वाटतंय" म्हणालं तरी संपला. पालकांना लगेच फोन जातो, म्हणून फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या एका माणसाचा नंबरही द्या. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळलेलं बोलणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, तोल जाणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं. यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय. डॉक्टरांच्या होकाराशिवाय कॅम्पला परत येणं नाही.

मानेवर पडून मान दुखत असेल तर मुलाला कुणी उठवायचं नाही, डोकं आहे तसं धरून रुग्णवाहिका बोलवायची. हात वाकडा दिसला तर सरळ करायचा नाही, आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधायचा आणि डॉक्टर बघेपर्यंत खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. कायमचा दात निघून पडला तर तो वरच्या, दिसणाऱ्या भागाने उचला, मूळ घासू नका, पुन्हा जागेवर बसवा किंवा दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. हे सगळं कॅम्पच्या माणसाला तोंडपाठ असायला हवं. हॉल बघायला जाल तेव्हा सहज विचारून बघा: "एखाद्याचा दात पडला तर तुम्ही काय करता?" उत्तर लगेच आलं पाहिजे.

शेवटचे दोन दिवस

चौथ्या दिवशी सुटे तुकडे जोडले जातात: बीमवरून चालत, पेटीवरून व्हॉल्ट, दोन पायांनी रेघेवर अचूक उडी, मग रोल. एका मुलाने पूर्ण मार्ग संपवल्याशिवाय पुढचं सुटत नाही. पाचव्या दिवशी पालकांसमोर सादरीकरण असतं. खरं सांगायचं तर त्याची आम्हाला धास्तीच असते, कारण टाळ्या ऐकून मुलं कालपर्यंत न केलेलं करायला जातात. म्हणून सादरीकरणात प्रत्येकाने आदल्या दिवशी पाच वेळा नीट केलेलंच असतं. शक्य असेल तर व्हिडिओ न काढता बघा आणि पायांचा आवाज ऐका.

कॅम्प संपल्यावर दोन दिवस उड्या नकोत, चालणं-पोहणं ठीक. मनगट किंवा टाच आठवड्यानंतरही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढे चालू ठेवायचं असेल तर आठवड्यातून एक-दोन वर्ग पुरतात. मुलाने बाहेर मैदानात सराव करायचा हट्ट धरला तर शेवटच्या दिवशीचा टी-शर्ट धुवायला टाकण्याआधी त्याची पाठ बघा. चॉकची रेघ तिरकी असेल तर गवतावर, तुमच्या समोर, हळू रोल करू द्या. ती मणक्यावरून सरळ खाली गेली असेल तर अजून फक्त मॅटवरच.